एका घरात दोन घट

काल सकाळी ओसरीवरून चाळणीचा आवाज आला आणि माझी मान आपोआप खाली गेली. खस्, खस्, खस्. सून घटासाठी काळी माती चाळत होती. खडे एका बाजूला, काडीकचरा दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध सुरम्यासारखी मऊ माती. म्हणजे अश्विन लागला. इतरांना अश्विनात झेंडू दिसतो, उकललेल्या बोंडांतून बाहेर आलेला कापूस दिसतो, दुधावर आलेली ज्वारी दिसते. मला चाळणी ऐकू येते आणि बत्तीस वर्षांपूर्वीची चोरी आठवते. चोरी दागिन्याची नव्हती, वीतभर उंचीच्या गव्हाची होती. आणि ती मी माझ्याच घरात, माझ्याच बायकोची केली.

मत्सराला हंगाम असतो असं माझं अनुभवाचं मत आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे माणूस इतका भाजलेला असतो की दुसऱ्याचं बरं चाललंय हे बघायलाही त्याच्यात त्राण नसतं. पावसाळ्यात सगळ्यांचीच छपरं गळतात, तेव्हा कोणी कोणावर जळावं? अश्विनात मात्र प्रत्येकाच्या शेतात काही ना काही उभं असतं, आणि जे उभं असतं ते शेजारच्याशी ताडून पाहता येतं. बांधावर उभा राहून माणूस आपल्या पिकाकडे एकदा बघतो आणि शेजाऱ्याच्या पिकाकडे तीनदा. मला शेत नव्हतं. मी जळगाव जामोदला शाळेत मास्तर होतो. पण जळायला शेत लागतंच असं नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. शाळेच्या भिंतीवर नवा नकाशा आला होता, त्याला रंगाचा वास येत होता. त्यात मुंबई बोटाएवढ्या अक्षरांत होती, पुणंही ठसठशीत होतं. आमच्या गावाच्या जागी नुसता सातपुड्याचा तपकिरी रंग. मला ते सहन झालं नाही. खुर्चीवर चढून मी शाईचा ठिपका दिला आणि शेजारी सुवाच्य अक्षरात गावाचं नाव घातलं. नाव घालायची मला खोडच. तांब्यावर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव, पाटाच्या खालच्या अंगालाही नाव. लग्न झाल्यावर वत्सलेला मी अक्षरओळख करून द्यायला बसलो. ती सोनाळ्याची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. माहेरी पाटीपेक्षा खुरपं जास्त हाताळलेलं. सुरुवात ग म भ न पासून करायची असते हे मला, शिकवणं हाच धंदा असून, सुचलं नाही. पहिला शब्द म्हणून मी तिला माझं नाव गिरवायला दिलं. पुढे संसाराच्या धबडग्यात ते शिक्षण तिथेच थांबलं. त्या काळात जगातला एकच लिखित शब्द तिला वाचता येत होता आणि तो मी होतो. याचा मला केवढा अभिमान! त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

गावापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी एका टेकडीवर बुवा राहत. पत्र्याची एक खोली, लिंबाचं झाड, आणि खुंटीला टांगलेली खाकी कापडाची जुनी थैली. बुवा तरुणपणी डाक नेणारे होते. पायी, डोंगरातल्या वस्त्यांवर, तीस वर्षं. अंगाला भस्म नाही, जटा नाहीत. पोटऱ्या मात्र अशा, की बसल्याजागीही ते चालतच आहेत असं वाटे. लोक त्यांच्याकडे मन स्थिर होत नाही, देवावर विश्वास टिकत नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन जात, आणि बुवा सगळ्यांना तीच एक थैलीची गोष्ट सांगत.

"मी कधी हिव पाह्यलं नाही, ऊन पाह्यलं नाही," ते म्हणत. "अन् एक बी पत्र उघडून पाह्यलं नाही. आत बारसं हाये का मयत हाये, मले काय करायचं? मी पोचवलं. देवाचं बी तसंच हाये. रोजचा नेम करा, पोचवा. उघडून नका पाहू."

"आणि उत्तरच आलं नाही तर?" मी एकदा विचारलं होतं. प्रश्न क्रमांक सतरा. माझ्याकडे प्रश्नांची वही होती, वहीवर अर्थातच नाव होतं.

"उत्तराची डाक दुसऱ्याकडे असते जी," बुवा म्हणाले आणि पोटरी खाजवू लागले.

मी दर गुरुवारी जायचो. वर्षभर. मला बुवांकडून अनुग्रह हवा होता. म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात एक नाम सांगायचं आणि ते शिष्याने जन्मभर जपायचं. वहीतले प्रश्न संपले की नवे काढायचो. बुवा ऐकायचे, कधी ऐकता ऐकता डुलकी काढायचे. मी ती समाधी समजून पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारायचो. अनुग्रहाचं काढलं की म्हणायचे, "पाहू, मास्तर. पाहू."

त्या उन्हाळ्यात सोनाळ्याहून सासऱ्यांनी टोपलीभर वांगी पाठवली. "बुवाले नेऊन द्या" असा निरोप होता. टोपली जड म्हणून वत्सला सोबत आली. मी वही काढून बसलो. तिने काहीच काढलं नाही. खोली झाडली, माठ भरला आणि उंबऱ्याशी टेकली. बुवांनी विचारलं, "माय, तुह्या माहेरच्या विहिरीले पाणी हाये का वं औंदा?" झालं. तासभर विहीर, मोट, वांग्यावरची कीड, कोणत्या वाणाला काटे जास्त. माझा प्रश्न क्रमांक एकतीस, जीव आणि शिव यांतलं नातं, वहीत वाळत पडला. निघताना बुवा तिला म्हणाले, "इकडं ये, माय." आणि लिंबाखाली उभं करून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. एवढंसं. तेवढ्या वेळात मला चप्पल सापडली नव्हती.

मला एक वर्ष, तिला एक टोपली वांगी!

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काय सांगितलं?"

"सांगायचं नसते."

"मी नवरा आहे तुझा."

"हाव. म्हणूनच तं चिंता हाये," ती म्हणाली आणि पदर नीट करून पुढे चालू लागली.

त्या दिवसापासून माझ्या घरात एक शब्द राहायला आला आणि तो मला माहीत नव्हता. भाकरी थापताना तिचे ओठ हलत. दळण दळताना हलत. बायकोच्या ओठांकडे एवढं टक लावून मी लग्न झालं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी ओठांवरून अक्षरं मोजायचो. आठवडाभर माझं मत तीन अक्षरं असं होतं, मग चार झालं. एकदा तर मी मोजत असताना तिने हळूच जीभ बाहेर काढून दाखवली आणि भाकरी उलटली. लोक बायकोवर पुरुषावरून संशय घेतात. मी देवाच्या नावावरून जळत होतो. असल्या जळण्यावर कोणाकडे जाऊन औषध मागणार? जे औषध देणारे, त्यांनीच तर आग लावलेली!

शेवटी भाद्रपदात मी बुवांपुढे रडकुंडीला आलो. ते म्हणाले, "बरं. नवरात्र बसा, मास्तर. नऊ दिवस, त्याच वेळी, घटाले गडवाभर पाणी. उगवलं का, किती उगवलं, पाहायचं नाही. दसऱ्याले घट घेऊन या, मंग सांगतो."

झालं, मला परीक्षा मिळाली. आणि परीक्षा म्हटली की मी मास्तर. नुसतं उत्तीर्ण व्हायचं नव्हतं, पहिलं यायचं होतं.

अडचण एकच. घरात घट एक बसतो आणि आमच्याकडे तो वत्सला बसवायची. परडीत काळी माती, मातीत गहू, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वरून रोज फुलांची एक माळ, शेजारी नऊ दिवस तेवणारा दिवा. मी माझा वेगळा घट मांडायला घेतला तेव्हा शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अवं माय! मास्तर, चुली बी दोन करता का आता?" वत्सलेने फक्त आपली परडी दोन बोटं डावीकडे सरकवली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या देव्हाऱ्यात राहिल्या. दिवा मात्र सामाईक होता. आणि अदलाबदल नको म्हणून मी माझ्या घटावर गेरूने नाव घातलं. वत्सला तेवढंच बोलली, "देवीसमोर तरी नाव नका मिरवू." मग मी नाव भिंतीकडे फिरवून ठेवलं.

तिने गहू मूठभर उधळला. मी ओळीत टोचला, दोन दाण्यांत एक पेर अंतर ठेवून, मातीवर कोष्टक आखून. तिसऱ्या दिवशी तिच्या मातीतून पांढरी टोकं वर आली, जणू कोणी आतून सुया टोचत होतं. माझी माती गुळगुळीत. पाहायचं नाही असं बुवांनी सांगितलं होतं, म्हणून मी पाहिलं नाही, उकरलं. तिच्याच अंबाड्यातल्या आकड्याने. एक दाणा वर आला, त्याला नखाएवढा कोंब होता. तो मोडला. दुसरा उकरला, तोही मोडला. तिसऱ्याला मी माती परत लोटली आणि देवीला हात जोडले. गेल्या जन्मी मी डाक नेली असती तर गावातलं एकही पाकीट बंद पोचलं नसतं.

चौथ्या दिवशी तिचा गहू करंगळीएवढा, माझे तीन कोंब, पंगत उठताना आलेल्या पाहुण्यांसारखे. मी ग्रामसेवक रामभाऊंकडे गेलो. सरकारी खत तेव्हा नुकतंच गावात येऊ लागलं होतं, पांढरं, साखरेसारखं. लोक त्याला सल्फेट म्हणत आणि अंतर ठेवून पाहत. रामभाऊ म्हणाले, "चिमूटभर टाका मास्तर, अन् मंग ज्वारी कशी उभी राह्यते पाहा." मी घटाचं बोललोच नाही. कागदाची पुडी खिशात घालून आणली. आता चिमूट म्हणजे दोन बोटांत मावतं ते. पण वत्सला पाण्याला गेली होती, घरात कोणी नव्हतं, तिचा गहू वाऱ्याविनाच डुलत होता, आणि माझी चिमूट वाढत वाढत मुठीएवढी झाली.

पाचव्या दिवशी माझा गहू खरंच उठला. मला वाटलं, विज्ञानाचा विजय असो. सहाव्या दिवशी शेंडे पिवळे पडले, संध्याकाळपर्यंत तपकिरी. हात लावला तर पात्या वाळल्या गवतासारख्या कुरकुरल्या. शेजारी तिचा गहू एवढा हिरवा की दिव्याच्या उजेडात डोळ्यांत जाई. मी दोन्हींकडे पाहत बसलो. तिने काय केलं होतं? काहीच नाही. गडवाभर पाणी घातलं होतं आणि उठून गेली होती. रागही त्याचाच आला. कष्ट करून हरलेल्या माणसाला, कष्ट न करता जिंकलेलं माणूस समोर असणं यासारखी शिक्षा नाही.

सातव्या दिवशी ती देवीच्या देवळात ओटी भरायला गेली. बसलेला घट नऊ दिवस हलवायचा नसतो, हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मी हलवला. आधी तिचा, मग माझा. परडी उचलताना इतका वारा झाला की दिव्याची ज्योत आडवी झाली. मी श्वास रोखला, ती पुन्हा उभी राहिली. माळांची अदलाबदल केली, सांडलेली माती धोतराच्या सोग्याने पुसली. तिच्या जागी माझं वाळवण, माझ्या जागी तिचा मळा. काम चोख झालं होतं. एक गोष्ट सोडून. पण ती भिंतीकडे तोंड करून होती.

ती आली. पाय धुतले, माळ घेऊन देव्हाऱ्यापुढे गेली. मी दाराआडून पाहत होतो. रडेल, ओरडेल, काकूंना हाक मारेल. ती क्षणभर थांबली. वाकली. मग गडवा उचलला आणि त्या वाळल्या गवताला पाणी घातलं, रोज घालायची तेवढंच, रोजच्याच हाताने. आठव्या दिवशी घातलं. नवव्या दिवशी घातलं. ओठ हलत होते. मी माझ्या हिरव्या, म्हणजे तिच्या हिरव्या घटापुढे बसलो होतो आणि मला त्या हिरव्यात काडीचंही सुख नव्हतं. माझं सगळं लक्ष तिच्या मेलेल्या गव्हाकडे. मेलेल्याला पाणी घालणाऱ्या बाईचा हेवा वाटायचं काही कारण होतं का? पण वाटला. सगळ्यांत जास्त तेव्हाच वाटला.

दसऱ्याला आम्ही टेकडीकडे निघालो. मी पुढे, डोक्यावर परीटघडीची टोपी, हातात हिरवीगार परडी. ती दहा पावलं मागे, कमरेवर परडी, परडीत तपकिरी गवत आणि मधोमध घट. बाजारात आपट्याच्या पानांचे ढीग लागले होते. किसन न्हावी दुकानाबाहेर वस्तरा पुसत होता. त्याने मला रामराम केला, मागे पाहिलं आणि ओरडला, "मास्तर, तुमचा घट जळला वाट्टे?"

"माझा नाही रे. हा बघ माझा."

"त्याच्यावर तं नाव तुमचं हाये जी!"

मी मागे वळून पाहिलं. वत्सलेच्या कमरेवर, गेरूच्या लाल, सुवाच्य, वळणदार अक्षरांत, सगळ्या बाजाराला दिसेल असं माझं नाव येत होतं. तिने परडी तशीच धरली होती. टेकडी अजून दीड कोस होती. त्या दीड कोसात मला माझ्या पावलांखेरीज काही ऐकू आलं नाही.

बुवांनी दोन्ही परड्या लिंबाखाली ठेवून घेतल्या. नाव वाचलं. त्यांनी तीस वर्षं नावंच तर वाचली होती. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी वत्सलेला विचारलं, "माय, पाणी घातलं?"

"हाव. नऊ दिवस."

"उगवलं?"

"आपलं काम पोचवायचं," ती म्हणाली.

माझी वही भरून बुवांचे बोल होते. तिच्याकडे वही नव्हती.

बुवांनी हिरव्या परडीतल्या चार पात्या खुडून अगदी गंभीर तोंडाने माझ्या टोपीत खोवल्या. दोन तपकिरी काड्या घेऊन तिच्या हातात दिल्या. तिने त्या केसांत माळल्या. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमाले अनुग्रह नाही देत. काम देतो. इच्या घटाले दरसाल पाणी तुम्ही घालत जा. त्याच वेळी, गडवाभर. पाहायचं नाही."

"किती वर्षं, बुवा?"

"पोचेपर्यंत."

दोन वर्षांनी बुवा गेले. चालताना, डोंगराच्या वाटेवर, त्यांना शोभेल असे. माझ्या कानात कोणी काही सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. घरात घट पुन्हा एकच झाला. मी पाणी घालत आलो. बदली होऊन लोणार तालुक्यात बीबीला होतो तेव्हाही नवरात्रात रजा काढून आलो. पाहायचं नाही म्हणून डोळे मिटून घालायचो. पहिली काही वर्षं अर्धं पाणी जमिनीवर जाई. मन स्थिर झालं का, हे मला सांगता येणार नाही. हात झाला.

यंदा वत्सलेला खाली बसवत नाही. गुडघे गेले. काल घट बसला, ती खुर्चीवर बसून सुनेला सांगत होती आणि मी गडवा घेऊन उभा होतो. सून आत गेल्यावर मला काय सुचलं कोण जाणे. बत्तीस वर्षं न विचारलेलं विचारलं.

"अवं, त्या साली घट बदलला, तुला केव्हा समजलं?"

"त्याच दिवशी," ती म्हणाली, जणू कालचीच गोष्ट. "मातीत पांढरे खडे दिसले. मंग वाकून भिंतीकडून पाह्यलं. तुमचं नाव. तेवढंच तं वाचता येत होतं मले."

"मग बोलली काऊन नाहीस?"

ती पदराशी चाळा करत राहिली. वाटलं, आता काहीतरी क्षमेचं, मोठ्या मनाचं बोलेल आणि मला आणखी लाजवेल.

"कशी बोलू? तुमचा घट जळत होता तं मले बरं वाटून राह्यलं होतं."

मी गडवा खाली ठेवला.

"तुम्ही दर गुरुवारी जायचे," ती म्हणाली. "दोन-दोन तास बुवासंग बोलायचे. मी घरी भाकरी थापायची. मले बुवानं एक शब्द देला अन् वाटेले लावलं. बोलायचे तं तुमच्यासंगच. लय जळत होती मी. तुमचे शेंडे पिवळे पडले, म्या मनात म्हटलं, बरं झालं. अन् दुसऱ्या दिवशी पाह्यते तं तोच घट माह्या पुढ्यात. मले वाटलं, देवीनंच आणून ठेवला. कोणत्या तोंडानं बोलू? घातलं पाणी."

"आणि आता?"

"आता काय?"

"अजून जळतेस?"

ती हसली. समोरचे दोन दात नाहीत तिचे. "तुम्ही नातवाले बुवाच्या गोष्टी सांगता ना, तवा मी उठून आत जाते. भाजी पाहायले जाते असं वाटते का तुमाले?"

मी गडवा उचलला आणि मातीत पाणी सोडलं. बत्तीस वर्षं! माझा मत्सर पुडीतल्या खतावर वाढला आणि सहाव्या दिवशी करपला. तिचा, कोणी न उकरता, कोणाला न दाखवता, रोजच्या गडवाभर पाण्यावर अजून उभा आहे. हिरवागार. बुवांचं म्हणणं त्यातही तिनेच पाळलं.

मला तिचा फार हेवा वाटला.